दहा महिन्यांची लेक नजरेआड होऊ देत नाही, वेचणी तोंडावर आहे

पऱ्हाटी | सोमवार, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढते.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. घरी मी, हे, सासूबाई. मोठे दीर-जाऊबाई भिंतीला भिंत लागून. लेक दहा महिन्यांची झाली. आत्ता-आत्तापर्यंत कुणाच्याही कडेवर जायची, दूधवाल्याच्यासुद्धा. दिवाळीपासून काय बिनसलं कोण जाणे. मी न्हाणीत गेले की रांगत येते आणि टिनाच्या दारावर दोन्ही हातांनी बडवत बसते. माझी आंघोळ म्हणजे दोन तांबे अंगावर आणि बाहेर. परवा मामेसासरे आले, फेटा अन् झुपकेदार मिश्या. त्यांनी नुसतं "ये माय" म्हटलं तर असा टाहो फोडला की बिचारे अर्धा चहा टाकून ओसरीत जाऊन बसले. याच मामांच्या मांडीवर ती पोळ्याला दुपारभर झोपली होती!

घरात तीन मतं आहेत. सासूबाई म्हणतात दृष्ट लागली. मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. हे म्हणतात मी लाडावून ठेवली. जाऊबाई म्हणतात अंगावरचं तोड, आपोआप माया सुटते. कापसाची पहिली वेचणी सुरू होतेय, मजूर मिळत नाही, मला वावरात जावंच लागणार. आता एक तोडगा असा निघालाय की दोन महिने तिला राळेगावला माझ्या आईकडे ठेवायचं. आई एका पायावर तयार आहे. बाळंतपण तिथंच झालं, पण तिसऱ्या महिन्यात आम्ही इकडं आलो, तेव्हापासून आजी-नातीची गाठ नाही.

हे लाडानं होतं का? माहेरी ठेवावी, घरी सासूबाईंकडे ठेवावी, की सोबत वावरात न्यावी?


बंडीवाला | सोमवार, रात्री ९:५५

काई टेन्शन घेऊ नका ताई. आमच्या मायनं आमाले पाच जणाले वावरातच वाढवलं. निंबाच्या झाडाले लुगड्याची झोरी बांधे, मोठी बहीण झोके देत बसे. रडलं तं रडलं, कोण पाह्यते? आमी का बिघडलो? आता घरात एक लेकरू अन् त्याच्यामांगं चार माणसं, म्हणून हे नखरे.


रानमेवा | सोमवार, रात्री १०:१०

बंडीवाले दादा, "मोठी बहीण झोके देत बसे" हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे कोणीतरी होतंच की बसलेलं. त्या बहिणीच्या शाळेचं काय झालं तेही सांगा.


बंडीवाला | सोमवार, रात्री १०:१४

तिसरीतच सुटली तिची शाळा. हे बराबर बोलल्या तुमी.


दुपारची_शाळा | मंगळवार, दुपारी २:३०

मी अमरावतीला बालविकास शिकवते, त्यामुळे प्रतिसाद लांबणार. आधीच सांगून ठेवते.

पऱ्हाटी, लेक बिघडलेली नाही. तिच्या डोक्यात एक मोठी गोष्ट नुकतीच जमली आहे, त्याचा हा गोंधळ आहे. चार-पाच महिन्यांचं बाळ आई खोलीबाहेर गेली तर फारसं मनावर घेत नाही. नजरेआड गेलेल्या माणसाचा माग काढणं त्याला अजून येत नसतं. आठव्या-नवव्या महिन्यात ते यायला लागतं. मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी हे स्वतःच्याच तीन मुलांवर टिपून ठेवलं. खेळणं फडक्याखाली झाकलं की लहान बाळ शोधायचं सोडून देतं. आठेक महिन्यांच्या पुढचं बाळ फडकं ओढतं. पुढे १९८० च्या दशकात रेने बायार्जाँ यांनी वेगळ्या तऱ्हेचे प्रयोग करून दाखवलं की झाकलेली वस्तू तिथं 'आहे', याची चाहूल साडेतीन-चार महिन्यांतही असते. अशक्य गोष्ट घडताना दिसली की बाळ जास्त वेळ टक लावून बघतं. पण चाहूल असणं वेगळं आणि त्या बळावर रांगत जाऊन दार बडवणं वेगळं. तुमच्या लेकीला पक्कं ठाऊक आहे की आई टिनाच्या पलीकडं आहे. आई बाहेर कधी येणार, हे मात्र तिला कळायला मार्ग नाही. 'पाच मिनिटं' हा हिशोब तिच्याकडं अजून नाही.

मामांचंही तेच. पोळ्याला घरचे आणि बाहेरचे चेहरे ती असे वेगळे काढत नव्हती. आता काढते. मामांना सांगा, मनाला लावून घेऊ नका. आल्या आल्या तिच्याकडं न बघता दहा मिनिटं तुमच्याशी बोलत बसले, की ती स्वतःच कडेवरून डोकावून बघेल.

हे आपल्याकडचेच लाड असते तर इतर ठिकाणी दिसलं नसतं. जेरोम केगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोत्स्वानातले कुंग लोक, ग्वाटेमालातली खेडी, इस्रायलमधले किबुत्झ (सामूहिक वसाहती) अशा एकमेकांशी काहीच साम्य नसलेल्या ठिकाणची मुलं बघितली. कुठं बाळ दिवसभर आईच्या अंगाला, कुठं दिवसभर पाळणाघरात. तरी आई उठून गेल्यावर रडण्याचा चढ सगळीकडं साधारण सारखाच: आठव्या महिन्याच्या आसपास सुरू, वर्ष-सव्वा वर्षाला सगळ्यात जास्त, मग हळूहळू ओसरणार. म्हणजे पऱ्हाटी, थोडं वाढण्याची तयारी ठेवा.

आता माहेरचं. माझं स्पष्ट मत, एकटीला दोन महिने पाठवू नका. तुमच्या आईच्या मायेबद्दल शंका नाही. पण या वयात घर, आई, बाप, आजी, सगळे चेहरे एकदम बदलणं फार जड जातं. जेम्स रॉबर्टसन यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी लंडनच्या रुग्णालयांत आई-बापाविना ठेवलेली लहान मुलं बघितली होती. पहिले काही दिवस आकांत, मग खिन्न होऊन पडून राहणं, आणि त्यानंतर एक शहाणपणा यायचा. मूल हसायचं, नर्सकडं जायचं, आई भेटायला आली तर ढुंकून बघायचं नाही. लोक म्हणायचे, रुळलं. रॉबर्टसन म्हणाले, हे रुळणं नाही, याची काळजी करा. आजीचं घर म्हणजे रुग्णालय नव्हे, तिथं एकच प्रेमाचं माणूस कायम असतं, हा मोठा फरक. पण "दोन दिवस रडेल, मग गप होईल" असं कोणी म्हटलं तर ते गप होणं मोजू नका.

सासूबाई रोजच्या आहेत. त्यांच्याकडं ठेवा. पण पहिल्याच दिवशी सात तास नको. आतापासून रोज तुम्ही घरात असतानाच भरवणं, झोपवणं यातलं एकेक काम सासूबाईंनी करायचं. मग तुम्ही विहिरीपर्यंत जाऊन यायचं, मग दुकानापर्यंत. निघताना सांगून निघा, आणि लगेच निघा. डोळा चुकवून पळालात तर पुढच्या वेळी ती तुमच्यावरून डोळाच काढणार नाही. पदराआड तोंड लपवून 'कूऽक' करतो तो खेळ दिवसातून हवा तेवढा खेळा. माणूस जातं आणि परत येतं, एवढंच त्यात असतं, म्हणूनच या वयाची पोरं त्याला कंटाळत नाहीत.

आणि अंगावरचं या घाईत तोडू नका. आई दिवसभर नाही आणि दूधही नाही, दोन्ही एकाच आठवड्यात कशाला? दोन वर्षं आणि पुढंही अंगावर पाजावं, सहाव्या महिन्यापासून वरचं अन्न सोबत द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. सकाळी निघण्याआधी आणि आल्यावर पाजा.


उलटतपासणी | मंगळवार, दुपारी ३:१५

वाचलं. हे सगळं ज्यांना परवडतं त्यांच्यासाठी. रोजानं जाणाऱ्या बाईला वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. लेकराची समजूत काढत बसली तर तेवढा कापूस दुसरीच्या ओट्यात. शिवाय ही सगळी गोऱ्या लोकांची संशोधनं. नवरा-बायको-मूल एवढ्याच घरात वाढलेल्यांना एकत्र कुटुंबातलं काय कळणार? शेवटी निष्कर्ष एकच, आईनं घरी बसावं. आई-बाळाच्या नात्याबद्दल लिहिणारा तो बाउल्बी दुसरं काय म्हणत होता?


दुपारची_शाळा | मंगळवार, संध्याकाळी ६:०५

बाउल्बींबाबत अर्धं मान्य. त्यांचा १९५१ चा अहवाल महायुद्धानंतर बेघर झालेल्या, संस्थांत वाढणाऱ्या मुलांसाठी होता. आई किंवा आईच्या जागी कायमचं असणारं माणूस मुलाला मिळालं पाहिजे, असा त्याचा रोख. वर्तमानपत्रांनी आणि सल्ला देणाऱ्यांनी त्याचं "आईनं उंबरा ओलांडू नये" करून टाकलं, आणि बाउल्बींच्या स्वतःच्या लिहिण्यातही आईचं पारडं जड होतंच. १९७२ मध्ये मायकेल रटर यांनी ते सोलून काढलं: जुळलेलं नातं तुटणं ही एक गोष्ट आणि कोणाशी नातं जुळूच न देणं ही दुसरी, दोन्ही एका मापानं मोजू नका. त्याआधी १९६४ मध्ये ग्लासगोच्या ६० बाळांचा अभ्यास झाला होता, शॅफर आणि इमर्सन यांचा. दीड वर्षाची होईपर्यंत बहुतेक मुलं एकाहून जास्त माणसांना धरून होती, आणि त्यात दिवसभर हाताळणारा माणूसच पहिला असेल असंही नव्हतं. बाळाच्या हाकेला लगेच ओ देणारा, त्याच्याशी खेळणारा माणूस पुढं होता.

गोऱ्या घरांचं म्हणाल तर मेरी एन्सवर्थ यांनी आई-बाळाच्या नात्याच्या अभ्यासाची सुरुवात युगांडातून केली. १९५४-५५, कंपालाजवळची खेडी, २६ घरं. बायका शेतावर जायच्या, लेकरू मोठी भावंडं नाहीतर घरातल्या इतर बाया बघायच्या. चार हातांत वाढतंय म्हणून बाळाचं आईशी नातं कच्चं राहिलं, असं त्यांना दिसलं नाही. फरक पडत होता तो लेकराच्या बारीकसारीक खुणा आईला किती कळतात याचा. कोणत्या आईला आपल्या बाळाबद्दल भरभरून सांगता येतं, हे एन्सवर्थ बघत. आपल्या वाड्यांतल्या कितीतरी अडाणी म्हटल्या जाणाऱ्या बाया त्यात पहिल्या आल्या असत्या.

किलोवरच्या मजुरीचं तुमचं म्हणणं मात्र खरं आहे, त्याला माझ्याकडं मानसशास्त्राचं उत्तर नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं आली तर ती सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची, अशी तरतूद केली गेली. खाजगी वावरात कापूस वेचणाऱ्या बाईला तेवढंही नाही. हा दोष त्या बाईच्या मायेचा नव्हे.


ओट्यावरची_ताई | मंगळवार, रात्री ८:४०

मी अंगणवाडी सेविका आहे, पुसदकडली. या धाग्यावर लिहायचं सुचलं ते शेवटच्या वाक्यामुळं.

आमच्या गावात वेचणीच्या एका टोळीनं असं केलं, सहा-सात बाया असल्या की एक म्हातारी सोबत न्यायची. ती धुऱ्यावर झाडाखाली लेकरं सांभाळते, बाकीच्या आपल्या वेचणीतून तिला वाटून देतात. पहिल्या वर्षी कुरकुर झाली. मग हिशोब लागला की लेकराकडं पळण्यात जाणारा वेळ वाचतो. पऱ्हाटीताई, तुम्ही वावरात नेणारच असाल तर एकटीच्या भरवशावर नेऊ नका. सापकिरडू आहे, फवारणीचे डबे धुऱ्यावर पडलेले असतात, बंडीच्या चाकाशी पोरं जातात. या दहा महिन्याच्या पोरीले तर जे दिसलं ते तोंडात. फवारलेल्या वावरात मी तं म्हणीन आणूच नका.

दुसरं, तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या अन् पंधराव्या महिन्यात आशाताई घरी येऊन बाळ बघते. २०१८ पासून हे सुरू झालं. वजन-लसीपुरतं नसते ते. बाळ बसते का, हाक दिल्यावर वळते का, तुमी त्याच्याशी काय खेळता, हे विचारायचं असते. पुष्कळ घरी "हो हो सगळं बरं आहे" म्हणून चहा पाजून वाटेला लावतात. बाराव्या महिन्याच्या भेटीत तुमचे प्रश्न तिलाच विचारा.

खेळणं विकत आणायची गरज नाही. वाटी, चमचा, प्लास्टिकच्या बाटलीत तुरीचे दाणे घालून झाकण पक्कं बंद, जुन्या लुगड्याची बाहुली. आमच्या पालक मेळाव्यात हेच करून घेतो. बापाले मुद्दाम बोलावतो. येतात थोडे, पण आले की बायांपेक्षा जास्त रमतात.


दुपारची_शाळा | मंगळवार, रात्री ९:१०

ओट्यावरच्या ताई, तुमच्या तुरीच्या दाण्यांना मोठा आधार आहे. जमैकात, किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत, १९८६-८७ मध्ये ९ ते २४ महिन्यांची, वाढ खुंटलेली १२९ मुलं घेऊन एक काम सुरू झालं. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर त्याच्या प्रमुख. आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा घरी जायची, तासभर आईला सोबत घेऊन घरीच केलेल्या खेळण्यांनी मुलाशी खेळायची, गप्पा मारायची. दोन वर्षं. काही मुलांना नुसता पोषक आहार दिला, काहींना दोन्ही. नुसत्या आहाराचा फायदा पुढं विरत गेला. खेळ-गप्पा मिळालेली मुलं वीस वर्षांनी कमावती झाली तेव्हा त्यांची कमाई तशाच इतर मुलांपेक्षा २५ टक्के जास्त होती.

आपल्याकडं खिचडी आणि वजनकाटा पोचला, गप्पा मागं राहिल्या.


पऱ्हाटी | बुधवार, सकाळी ६:१५

सगळ्यांचे आभार. रात्री सासूबाईंना वाचून दाखवलं. पियाजे वगैरे ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "एवढं सांगाले त्याले परदेशात जा लागलं का? मी म्हणूनच राह्यली होती, पोरीले आता समजते." मग दृष्ट का काढली, असं विचारायचं मी टाळलं. 😄

माहेरचा बेत रद्द. आईलाच इकडं बोलावते, पंधरा-वीस दिवस. वावरातही नेत नाही, आमच्याकडं आत्ताच फवारणी झालीय.


संत्राबाग | बुधवार, सकाळी १०:३०

चांगला धागा. पण एक साधा उपाय कोणीच सांगितला नाही. मोबाईल. आमचा मुलगा अडीच वर्षांचा. बायको अन् मी दोघंही बागेत, आजीचे गुडघे दुखतात. कार्टून लावून दिलं की दोन तास आवाज नाही. आणि फुकट जात नाही, इंग्रजीत रंग म्हणतो, वीसपर्यंत आकडे म्हणतो. वरुडच्या शाळेतल्या मॅडमसुद्धा चाट पडल्या.


रानमेवा | बुधवार, सकाळी १०:४५

आला आला, मोबाईल आलाच. दीडशे प्रतिसादांची निश्चिंती.


दुपारची_शाळा | बुधवार, दुपारी १:५०

संत्राबाग, रागावत नाही. दोघंही बागेत, आजी थकलेली, मग काय करणार? जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची सूचना अशी: दोन वर्षांखाली मोबाईल-टीव्हीचा पडदा नकोच, दोन ते चार वर्षांत दिवसाला फार तर तास, कमी तेवढा बरा.

कारणही सांगते. २००३ साली पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. काहींसमोर खरीखुरी चिनी बाई बसून खेळत, पुस्तक दाखवत बोलली. काहींना तीच बाई, तीच गोष्ट, टीव्हीवर. बारा बैठका झाल्यावर पहिल्या मुलांना त्या भाषेतले बारीक आवाज ओळखू येत होते. टीव्हीवाल्यांना जणू कधी ऐकवलंच नव्हतं. बाळ माणसाकडून शिकतं. बाळ बघतं तिकडं आई बघते, बाळ 'ब' म्हणालं की ती 'बैल? हो, बैल आला' म्हणते. पडदा बाळाकडं बघत नाही.

आता मला तुमच्या मुलाबद्दल विचारायचंय. रंग-आकडे सोडून द्या. भूक लागली, पाणी हवं, तर तो काय म्हणतो? 'आई', 'बाबा' अशी हाक मारतो का? लांबचं काही हवं असेल तर बोट दाखवतो का? नाव घेतल्यावर वळून बघतो?


संत्राबाग | बुधवार, रात्री ९:३०

बायकोशी बोललो. हाक मारत नाही. पाणी हवं असलं की हात धरून माठाकडं ओढत नेतो, माझा हातच माठावर ठेवतो. बोट दाखवत नाही. नाव घेतल्यावर कधी बघतो, कधी नाही. पण बाहेर आईस्क्रीमवाल्याची घंटी वाजली तर पळतो, म्हणजे कान चांगले आहेत. ट्रॅक्टरचं चाक फिरवत बसतो. आजी म्हणते, त्याचे बाबाही (म्हणजे मी) उशिरा बोलले. माझ्या घरी मी साडेतीन वर्षांचा होईपर्यंत बोललो नव्हतो असं सांगतात.


ओट्यावरची_ताई | बुधवार, रात्री ९:५०

दादा, थांबू नका. "बाप उशिरा बोलला" यावर आमच्याकडं दोन-दोन वर्षं जातात.


दुपारची_शाळा | बुधवार, रात्री १०:२०

मी इथून कुठलंही नाव लावणार नाही, तुम्हीही लावू नका. मोबाईलनं झालं असंही म्हणू नका, आणि बायकोला तर अजिबात नका म्हणू. पण बघून घ्यायला हवं, आणि याच महिन्यात. मूल साधारण वर्षाचं होताना नावाला वळतं, बोट दाखवून 'ते बघ' म्हणतं. दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडतं: 'आई ये', 'भू भू गेला'. पाठ केलेले आकडे यात धरत नाहीत, ते आवाजाचं अनुकरण असू शकतं. बोट दाखवण्याला आम्ही इतकं महत्त्व देतो, कारण त्यात दुसऱ्या माणसाचं लक्ष आपल्या गोष्टीवर आणायची इच्छा असते.

पहिली तपासणी कानांचीच. घंटीला पळणारं मूलसुद्धा बोलण्यातले हलके आवाज ऐकत नसू शकतं, कान सतत फुटत असेल तर विशेष. लहान मुलाला 'ऐकू येतं का' विचारावं लागत नाही, बेरा नावाची तपासणी झोपेत होते. मग वाढीची तपासणी.

तपासणी होईपर्यंत: मोबाईल एकदम बंद करून घरात रण माजवू नका, पण जेवताना आणि झोपताना नको. आणि तो हात ओढून माठाकडं नेतो ना? पेला हातात घ्या, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसा, 'पाणी' म्हणा, आणि क्षणभर थांबून द्या. अडवून धरायचं नाही, त्याला बोलायला जागा द्यायची.


सिपनाकाठ | गुरुवार, सकाळी ८:००

मी धारणीकडं शिक्षक आहे. संत्राबाग यांच्या मुलाला लागू नाही, पण "बोलत नाही" यावरून एक लिहितो.

आमच्याकडं घरात कोरकू. ती मुंडा गटातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. लेकरू घरी आजीशी भांडतं, कोंबड्यांना शिव्या देतं, चार वर्षांचं होऊन मराठी बोलणाऱ्या बाईंपुढं येऊन बसलं की तोंडाला कुलूप. बाहेरून आलेल्या एकानं अशा मुलीबद्दल माझ्यादेखत "मंद दिसते" असं म्हटलं होतं. मी कोरकूत विचारलं, "तुझ्या घरी काय काय आहे?" शेळीच्या पिलापासून सुरुवात झाली ती थांबेना. त्यामुळं कोणत्याही मुलाची तपासणी घरच्या भाषेत व्हायला हवी.


दुपारची_शाळा | गुरुवार, सकाळी ११:१५

शंभर टक्के. आणि भाषेची घडण किती लवकर सुरू होते बघा: जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा १९८४ चा अभ्यास. इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' वेगळे ऐकू येत होते. दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत बहुतेकांचं ते गेलं, कारण घरात त्याचा उपयोग नव्हता. पहिला शब्द बोलायच्या आधीच कान घरच्या भाषेचा झालेला असतो. दोन भाषांनी मूल गोंधळतं म्हणून घरची भाषा बंद करा, हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.


निवृत्त_मास्तर | गुरुवार, दुपारी ४:००

वऱ्हाडी बोललं म्हणून आम्ही पोरांना हातावर पट्ट्या खाताना पाहिलं आहे, तेव्हा हे पटलं. अंगणवाडीचा विषय निघालाच आहे तर एक अवांतर. ताराबाई मोडक लग्नानंतर आपल्या अमरावतीतच होत्या. पुढं भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला, १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडला अनुताई वाघांसोबत आदिवासी मुलांत गेल्या. पोरं बालवाडीत येईनात, तर ह्या त्यांच्या अंगणात जाऊन बसल्या. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणातच शाळा भरवली. सरकारी अंगणवाडी १९७५ ची, ताराबाई त्याच्या आधी दोन वर्षं वारल्या.

आता माझा प्रश्न. नात चार वर्षांची. भिंतीतल्या देवळीतला गूळ जातो. विचारलं, तर दोन्ही हात पाठीमागं, गालाला गूळ, "मुंग्यांनी नेला आबा." वर्षभरापूर्वी हीच पोरगी "मी खाल्ला" म्हणून ऐटीत सांगायची. खोटं बोलायला शिकली, हे वाईट वळण का?


दुपारची_शाळा | गुरुवार, संध्याकाळी ७:३०

मास्तर, अभिनंदन करा तिचं (मनातल्या मनात). तुम्हाला जे माहीत आहे ते आणि तिला जे माहीत आहे ते वेगळं असू शकतं, हे तिला कळलं. १९८३ मध्ये विमर आणि पेर्नर यांनी मुलांना गोष्ट सांगितली: पोरगा चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला गेला, आईनं ते दुसऱ्या कपाटात ठेवलं, पोरगा आल्यावर कुठं शोधेल? तीन वर्षांची मुलं म्हणतात दुसऱ्या कपाटात, कारण चॉकलेट तिथं आहे ना! चार-पाचच्या पुढची म्हणू लागतात, पहिल्याच कपाटात, कारण त्याला ठाऊकच नाही. गालावरचा गूळ मात्र आबांना दिसतो, एवढं अजून जमलेलं नाही. "मुंग्यांचे हात धुऊन ये" म्हणा. चोर-लबाड असले शिक्के नको.


बंडीवाला | गुरुवार, रात्री ८:१०

मुंग्याचे हात! मास्तर, गूळ वर ठेवा.


पऱ्हाटी | रविवार, रात्री ८:५५

आई राळेगावहून आली. दोन दिवस नात तिच्याकडं तिरक्या नजरेनं बघत होती, तिसऱ्या दिवशी चष्मा ओढला. मी सांगून निघते. दार ओलांडेपर्यंत रडते. सासूबाई म्हणतात, बंडी रस्त्याला लागेपर्यंत चूप होते आणि कोंबड्यांमागं लागते. संध्याकाळी मी आले की मात्र नव्यानं रडून घेते. आधी वाटलं दिवसभर हाल झाले असतील.


दुपारची_शाळा | रविवार, रात्री ९:२०

आईपुढं रडून मोकळं होता येतं म्हणून रडते. कडेवर घेतल्यावर निवते ना? मग ठीक. आल्यावर पहिली पंधरा मिनिटं चूल पेटवायला कोणीतरी दुसरं बघा.


संत्राबाग | सोमवार, सकाळी ७:४०

आमचं परवाचं ठरलं, जिल्हा रुग्णालय. सोबत काय काय न्यावं लागतं? आजी येते म्हणते, आणू की नको?


ओट्यावरची_ताई | सोमवार, सकाळी ८:०५

माता-बाल संरक्षण कार्ड न्या, जन्माची नोंद त्यात असते. आधार, आधीची औषधाची कागदं असतील तर ती. तुमच्या अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येते, त्यांची चिठ्ठी मिळाली तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात सरळ पाठवतात. नसली तरी जा, तिथं विचारा. तो माठाकडं हात ओढत नेतो, चाक फिरवतो, ते मोबाईलवर एक-दोन मिनिटाचं शूटिंग करून ठेवा; डॉक्टरपुढं पोरं तसं करत नाहीत. आजीले आणा, तिनं त्याले सगळ्यात जास्त पाह्यलं आहे. डबा न्या, दिवस जातो. अन् बेराची तपासणी झोपेत करतात, तं सकाळी गाडीत झोपू देऊ नका त्याले.